पाटीआधीचे धडे

गेल्या संक्रांतीला कॉलनीतल्या एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. वाण घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलंच, “काय हो, तुमची नात चार वर्षांची झाली ना? अजून लिहीत नाही? आमचा तर शंभरपर्यंत आकडे काढतो!”

मी हसून वेळ मारून नेली. पण धाकटी सूनबाई माझ्या शेजारीच बसली होती. तिचा चेहरा पडला. घरी आल्याआल्या तिनं कपाटातून नवी चौकटींची वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि नातीला हाक मारली. नात स्वयंपाकघरात फतकल मारून मटार सोलत बसली होती. “ते राहू दे आता. आधी इकडे ये अभ्यासाला,” सूनबाई म्हणाली.

मैत्रिणींनो, तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या एका वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला. कारण हेच वाक्य, ह्याच सुरात, मी १९८३ साली माझ्या थोरल्याला ऐकवलं होतं. तेव्हा मटार नव्हते, पावट्याच्या शेंगा होत्या, एवढाच काय तो फरक.

त्या शेंगांची गोष्ट आज सांगायची आहे. माझी चूक तुमच्या उपयोगी पडली तर सांगितल्याचं सार्थक होईल.

भिंत ओली आहे अजून

थोरला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. गावात नव्यानेच एक इंग्रजी शाळा निघाली होती. नाव कशाला घ्या! तिथं प्रवेशासाठी मुलांची ‘मुलाखत’ होत असे. मुलानं एबीसीडी लिहून दाखवायची, पन्नासपर्यंत आकडे काढायचे. मी दोन महिने आधी कंबर कसली. रोज संध्याकाळी पाच ते सात, वही आणि पेन्सिल.

ही वेळ नेमकी सासूबाईंची भाजी निवडायची. मागच्या अंगणात त्या सूप घेऊन बसायच्या आणि थोरला त्यांना चिकटून. शेंग सोलायची, दाणे वाटीत टाकायचे, किडका दिसला की बाजूला काढायचा, मध्येच “आजी, हा बघ केवढा मोठा!” मी तिथून त्याला उचलून आणायची. “अहो आई, त्याचा अभ्यास बुडतो,” असं सासूबाईंना वर सुनावायची.

तो पेन्सिल मुठीत धरायचा. इतका दाब द्यायचा की कागद फाटायचा. मी चिडायची. एकदा तर पट्टीनं बोटांवर मारलं. चाळीस वर्षं झाली, पण ते लिहिताना आजही हात थांबतो.

मुलाखतीच्या दिवशी त्याच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. बाईंनी दुसरी दिली, ती त्यानं हातातच घेतली नाही. प्रवेश मिळाला नाही, त्याचं दुःख चार दिवसांत ओसरलं. पण पुढे कितीतरी महिने, “वही आण” म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. ते दुखणं मी लावलेलं होतं.

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अगं, भिंत ओली आहे अजून. एवढ्यात वर स्लॅब नको टाकूस.” मला ते जुन्या वळणाचं बोलणं वाटलं. पुढे मी बालवाडीचं शिक्षण घेतलं, बावीस वर्षं बालवाडी चालवली, तेव्हा कळलं की जे मला पुस्तकं वाचून समजलं ते सासूबाई सूप हातात धरून सांगत होत्या.

हात आधी, अक्षर मागून

आधी हाताचंच बघू या. तान्ह्या बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलंत की ते सगळी मूठ आवळतं. पाच-सहा महिन्यांचं झालं की खुळखुळा पंज्यात धरतं. आणि नवव्या-दहाव्या महिन्याच्या आसपास एक दिवस ते जमिनीवर पडलेला चुरमुरा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत उचलतं. तुम्ही धावत जाऊन तो त्याच्या तोंडातून काढता. काढायलाच हवा. पण मनात नोंद करून ठेवा, कारण पुढे पेन्सिल धरायची ती ह्याच चिमटीत.

चिमटीपासून पेन्सिलीपर्यंतचा रस्ता मात्र चार-पाच वर्षांचा आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच मुळी. कानाच्या वरच्या भागासारखी लवचिक कूर्चा असते, आणि एकेक करून वर्षानुवर्षं त्यांची हाडं बनत जातात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली कितीतरी कूर्चाच असते. त्यात बोटांचे स्नायूही कोवळे. असं मूल पेन्सिल मुठीत धरतं ते आळसानं नव्हे, त्याचा हात अजून तिथवर आलेला नसतो. माझा थोरला हट्टी नव्हता हो, तो नुसता लहान होता!

मग शेंग सोलताना काय होतं? एक हात शेंग धरतो, दुसऱ्या हाताचा अंगठा तिची शिवण दाबतो. दोन हात, दोन वेगळी कामं. लिहितानाही हेच करायचं असतं. एका हातानं कागद धरायचा, दुसऱ्यानं लिहायचं. कणकेच्या गोळीची मुटकुळी करताना तळहाताला जोर येतो. वाळलेल्या कपड्यांचे चिमटे काढताना बोटांची पकड तयार होते. आणि रांगोळीची चिमूट? ती तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, ह्या तीनच बोटांची. शहाण्या माणसानं मुद्दाम शोधून काढावा असा लेखनाचा तो पहिला धडा आपल्या उंबऱ्याशी कधीपासूनचा पडलेला आहे.

आणि खरोखरच एका शहाण्या बाईंनी असे धडे शोधून काढले. मारिया मॉन्टेसरी हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल. ह्या डॉक्टरीणबाईंनी १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी ‘बालगृह’ काढलं. त्यांनी मुलांना लाकडी दट्टे दिले, त्यांच्या मुठी तीन बोटांत धरून ते खाचेत बसवायचे. खरखरीत कागदाची अक्षरं दिली, त्यांवरून नुसतं बोट फिरवायचं. लिहायला कुणी बसवलं नाही. आणि एके दिवशी एका पाच वर्षांच्या मुलानं धुराड्याचं चित्र काढता काढता खडूनं शब्द लिहिला आणि “मला लिहिता येतं!” म्हणून ओरडला. पाठोपाठ बाकीची मुलं लिहू लागली. बघणाऱ्यांना चमत्कार वाटला. पण हाताची तयारी कितीतरी दिवस चालू होती, अक्षर तेवढं त्या दिवशी उमटलं.

आपल्याकडे हेच काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलं. ताराबाई आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई तिथंच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी परदेशी साधनं खेड्यात आणायची कुठून? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली आणि त्यांवर शिकवलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच आदिवासी पाड्यावर, अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज आपल्या तोंडी आहे तो त्या अंगणांमुळे. आपल्या स्वयंपाकघरातल्या वाल-पावट्यांना कमी लेखण्याचं कारण नाही, ते ह्याच जातीचं साधन आहे.

कान आधी, वाचन मागून

आता वाचनाचं. वाचन डोळ्यांनी सुरू होतं अशी आपली समजूत असते. ते सुरू होतं कानांनी.

‘ट’ आणि ‘त’ ह्यांतला फरक आपल्याला किती सहज कळतो! इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला तो ऐकूच येत नाही म्हटलं तरी चालेल. पण त्यांच्या तान्ह्या बाळांना येतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्या दोघांनी कॅनडात १९८४ साली हे दाखवून दिलं, आणि तेही हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ घेऊन. सहा-आठ महिन्यांच्या इंग्रजी घरातल्या बाळांना दोन आवाज वेगळे कळले. वर्षाची होता होता बहुतेकांचं ते कळणं मावळलं, कारण ते आवाज त्यांच्या कानांवर पडतच नव्हते. हिंदी घरातल्या बाळांचं मात्र शाबूत राहिलं. म्हणजे बाळ ‘आई’ म्हणायच्या आधीच त्याचा कान आपल्या भाषेसाठी घडत असतो. परदेशातल्या लेकीला बाळ झालं की आपण फोनवरून त्याच्याशी मराठीत बडबडत बसतो. बाळाला लेकीच्या मांडीवर, तिच्या तोंडून ती भाषा रोज मिळायला हवी, हे मात्र लेकीला जरूर सांगा.

नंतर येतं बोलणं. मूल म्हणतं, “भूभू गेला.” आपण म्हणावं, “हो, काळा भूभू पळत पळत गेला. कुठं गेला असेल गं?” आणि मग थांबावं. त्याला उत्तर सुचू द्यावं. हा चेंडू इकडून तिकडे जितका जाईल तितके शब्द वाढतात. पुढे पुस्तकात ‘काळा’ वाचताना, तो शब्द आधीच ओळखीचा असला तर मूल अडखळत नाही.

आणि गाणी! मांडीवर बसवून म्हटलेली बोटांची गाणी, भोंडल्याची गाणी, यमकं जुळवून केलेली वेडीवाकडी बडबड. ह्याचा वाचनाशी संबंध आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी त्या काळी हसले असते. पण १९८३ मध्येच, म्हणजे मी थोरल्याला पट्टी मारत होते त्याच साली, ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. चार-पाच वर्षांची, अजून वाचू न लागलेली सुमारे चारशे मुलं त्यांनी तपासली. कुठले शब्द एका यमकाचे, कुठला वेगळा, हे ज्यांच्या कानांना चटकन कळत होतं, ती मुलं पुढे काही वर्षांनी वाचनात आणि शुद्धलेखनात पुढे असलेली दिसली. हे इंग्रजी मुलांचं झालं. पण आपल्या भेंड्यांचा खेळ आठवा. शेवटचं अक्षर पकडायचं आणि त्यावरून पुढचा शब्द शोधायचा. ‘कमळ’ मधला ‘ळ’ कानानं सुटा करता आला की मग तो डोळ्यांना दाखवायचा. प्रवासात गावांच्या नावांच्या भेंड्या लावा, भाज्यांच्या लावा. त्याला पैसा पडत नाही.

मोजणं म्हणजे पाठांतर नव्हे

हळदीकुंकवातल्या त्या बाईंच्या नातवाचं मला कौतुकच आहे. शंभरपर्यंत आकडे येतात, चांगलंच झालं. पण घरी एक गंमत करून बघा. मुलासमोर सात चमचे ठेवा आणि मोजायला सांगा. ते सातापर्यंत मोजेल. मग विचारा, “किती आहेत?” पुष्कळदा ते ‘सात’ न म्हणता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. किंवा म्हणा, “मला त्यातले चार दे.” मूठभर देऊन मोकळं होईल. शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. आकडे त्याच्या तोंडात असतात, संख्या डोक्यात यायची असते.

ती येते पानं मांडताना. घरात माणसं पाच, म्हणून ताटं पाच. प्रत्येक ताटाजवळ एक वाटी, एक भांडं. एक वाटी कमी पडली की कुणाला मिळाली नाही ते मुलालाच शोधू द्या. एकाला एक जोडणं हा सगळ्या गणिताचा पाया आहे. तांदूळ आणि डाळ वेगळी करणं, मोठी बटाटी एकीकडे नि छोटी दुसरीकडे लावणं, ही वर्गवारी आणि क्रम. अपूर्णांक तर आपल्या पोळीतच आहेत. घडीची पोळी उलगडून दाखवा, अर्धी, मग पाव. भाकरीची चतकोर मागणारं मूल पाव म्हणजे काय हे हातानं शिकलेलं असतं. शाळेत पुढे एकाखाली चार लिहून दाखवतील तेव्हा ते बावचळणार नाही.

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा एक प्रयोग तुम्हीही करू शकाल. रुपयाच्या सहा-सहा नाण्यांच्या दोन सारख्या रांगा लावा. “दोन्हींत सारखी आहेत ना?” मूल ‘हो’ म्हणेल. मग त्याच्यादेखत एका रांगेतली नाणी लांब लांब ठेवा. आता विचारा. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा सांगेल, लांब रांगेत जास्त! बुटक्या पेल्यातलं पाणी उंच ग्लासात ओतलं की पाणी ‘वाढलं’ असंही ते म्हणतं. त्याला हसू नका, रागावू नका, “अरे, नीट बघ” असं म्हणून घोटवू नका. सहा-सात वर्षांच्या सुमाराला हे त्याचं त्यालाच कळू लागतं. त्याआधी त्यानं पाणी पुष्कळ वेळा ओतलेलं असावं, नाणी पुष्कळ वेळा मांडलेली असावीत, एवढं आपण बघायचं. म्हणून अंघोळीच्या वेळी तांब्या, पेला आणि वाटी त्याच्या हाती द्या. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू द्यात.

“तू ठेव, सांडशील!”

आपल्या घरांतून दिवसाकाठी सगळ्यांत जास्त वेळा कुठलं वाक्य बोललं जात असेल तर हे. माझ्याही तोंडी होतं. घाई असते, डबे भरायचे असतात, मुलाच्या हातून पाणी सांडलं तर पुसायला आपणच. पण ह्या वाक्यानं घरातली शाळा आपणच बंद करतो.

जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७६ साली ह्यावर लिहिलं. तीन ते पाच वर्षांची मुलं लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती आणि एक शिकवणाऱ्या बाई त्यांना मदत करत होत्या. मूल अडलं तर थोडी जास्त मदत, जमायला लागलं की हात मागे. ह्या मदतीला त्यांनी नाव दिलं ‘परांची’. घर बांधताना गवंडी बांबूंची परांची उभारतो आणि भिंत पक्की झाली की उतरवतो, तशी. सासूबाईंची ओली भिंत मला इथं पुन्हा भेटली!

म्हणजे करायचं काय? सदऱ्याची बटणं लावायची आहेत. पहिल्यांदा आपण सगळी लावून शेवटचं त्याच्यासाठी ठेवावं. जमलं की पुढच्या आठवड्यात दोन. एक दिवस ते सगळी लावेल, एखादं वरखाली होईल. चालू द्या. “डब्याला झाकण लाव, मग तो खालच्या फळीवर ठेव” अशी दोन पायऱ्यांची कामं सांगा. दोन गोष्टी ध्यानात ठेवून क्रमानं पार पाडणं, हेच पुढे वजाबाकीत हातचा घेताना लागतं. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ खेळा. ‘शिवाजी म्हणतो’ हे शब्द आले तरच हलायचं, नाहीतर थांबायचं. स्वतःला आवरणं मूल तिथं हसत हसत शिकतं, आणि आवरता आलं की वर्गात ऐकता येतं.

मुलगा असो वा मुलगी, हे धडे दोघांनाही द्या बरं का! आणि त्यांच्या बाबांनाही त्यात ओढा. मोटारसायकल पुसताना स्क्रू वाटीत गोळा करून ठेवणं हेही शिक्षणच आहे.

वयाप्रमाणे काय द्यावं

एक वर्षापर्यंत: मांडीवरची गाणी, नावानं हाक मारणं, तोंडासमोर पदर धरून ‘बुवा कुक’. घुटमळण्याइतके छोटे पदार्थ आणि वस्तू हाताशी नकोत.

एक ते दोन: डबे उघडणं-लावणं, मोठी झाकणं, एका भांड्यात दुसरं बसवणं, चित्राच्या पुस्तकाची पानं उलटणं.

दोन ते तीन: पालेभाजीची पानं तोडणं, कणकेचा गोळा, पाणी ओतणं, मोठ्या मण्यांची माळ, जोडीचे मोजे शोधणं. सुटे दाणे, शेंगदाणे अजूनही आपली नजर असेल तरच.

तीन ते चार: शेंगा सोलणं, चिमटे लावणं, पानं मांडणं, जाड खडूनं अंगणात रेघोट्या, गोष्ट ऐकून “मग काय झालं?” हे सांगणं.

चार ते सहा: ठिपक्यांची रांगोळी, भेंड्या, सागरगोटे, बोथट कात्रीनं कागद कापणं, बाजारात “तीन लिंबं निवड” असं काम. आणि त्यानं आपणहून मागितली तर पाटी. स्वतःचं नाव लिहायची हौस ह्याच वयात येते, ती जरूर पुरवा.

मोबाइलबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या बाळांना पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाच्या आत. पडद्यावरचं गाणं छान असतं, पण मूल ‘भूभू गेला’ म्हणालं तर ते “कुठं गेला असेल गं?” असं उलट विचारत नाही.

आणखी एक गोष्ट, घाबरवण्यासाठी नव्हे, सावधपणासाठी. वर्षाचं मूल नावानं हाक मारली तरी वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर “बोलेल हळूहळू, त्याचे काकाही उशिरा बोलले” म्हणून वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.

वेळ निघून गेली का?

हे वाचून कुणा मैत्रिणीच्या मनात येईल, “माझं मूल तर आठ वर्षांचं झालं. मग आता?” तिच्यासाठी थोरल्याची पुढची गोष्ट.

तिसरीपर्यंत त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं. मग एका दिवाळीत आळीतल्या मुलांनी किल्ला करायला घेतला. आठ दिवस हा चिखलात. माती मळली, बुरूज थापले, काड्यांची तटबंदी केली, अळीव पेरलं, चिमटीनं मावळे उभे केले. पुढच्या वर्षी पुन्हा किल्ला, मग पतंग, मग कॅरम. किल्ल्यानंच सारं केलं असं मी म्हणणार नाही, वयही वाढत होतं. पण हात बळकट झाला तसं अक्षर सुधारलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाया राहून गेला असेल तर तो नंतरही भरता येतो. कष्ट थोडे जास्त पडतात, आणि मुलाच्या मनातली भीती आधी काढावी लागते.

काळही बदलला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळाप्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा वयोगट पायाभरणीचा मानला आणि त्यात खेळाला मानाची जागा दिली. पहिलीचं वयही सहा धरलं. कागदावर तर सगळं आलं. पण हळदीकुंकवातल्या “अजून लिहीत नाही?” ला उत्तर कायदा देत नाही, ते आपल्यालाच द्यावं लागतं.

त्या संध्याकाळी मी सूनबाईला ही सगळी हकिगत सांगितली, पट्टीसकट. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, “आई, तुमचं पटतंय मला. पण वर्गात सगळी मुलं लिहितात आणि हीच एकटी मागे पडली तर? बाई तिलाच बोलतील ना!” तिची काळजी खोटी नाही. तिची जागा आणि माझी जागा वेगळी, मी आजी आहे, मला वाट बघणं परवडतं.

शेवटी आमचं असं ठरलं. वही कपाटात नाही ठेवायची, नातीच्या हाताशी ठेवायची. तिनं काढली तर दहा मिनिटं, नाही काढली तर हाक मारायची नाही. सूनबाई शाळेत जाऊन बाईंना भेटून आली. बाई समजूतदार निघाल्या. “पालकच वह्या मागतात हो, आम्ही तरी काय करू!” म्हणाल्या. नात अजून शंभरपर्यंत आकडे काढत नाही. पण परवा पाहुणे आले तेव्हा तिनं पानं मांडली आणि स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, “आजी, दोन वाट्या कमी आहेत.” मी मोजून पाहिलं. दोनच कमी होत्या.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी भाजी निवडायला बसाल तेव्हा एक वाटी जास्तीची घ्या आणि पिल्लाला शेजारी बसवा. निम्मे दाणे जमिनीवर जातील, काही पोटात जातील. भाजीला थोडा उशीर होईल. होऊ द्या.